कार्यकर्त्यांची मुले कोणत्या शाळेत?

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. गोंदिया जिल्ह्यात हे दिवस पऱ्हे टाकण्याचे. माणसे पहाटेपासून बांधीत उतरलेली असतात आणि त्याच वेळी आमगाव, गोरेगाव, तिरोडा, देवरी यांच्या आसपासच्या खेड्यांत पिवळ्या गाड्या भोंगे वाजवीत शिरतात. गळ्यात टाय बांधलेली पाच-सहा वर्षांची मुले त्यांत दाटीवाटीने बसतात आणि तालुक्याच्या गावी 'कॉन्व्हेंट'ला जातात. (विदर्भात हा शब्द आता कोणत्याही इंग्रजी शाळेला लावतात, मग ती एखाद्या राईस मिलच्या जुन्या गोदामात का भरेना.) गाडी वळते ती बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरच, कारण गावात तेवढीच मोकळी जागा असते. शाळेच्या पडवीत उभे असलेले गुरुजी ती वळताना पाहतात. आपल्या पटावरची किती नावे या वर्षी तिच्यातून गेली याचा हिशेब त्यांनी मनाशी केलेला असतो, कारण त्या हिशेबावर त्यांची स्वतःची जागा अवलंबून असते.

या गाडीत प्रथम कोण बसले, हे पाहण्यासारखे आहे. गरिबाचे मूल तीत प्रथम बसले नाही. प्रथम बसले ते शिक्षकाचे मूल, मग ग्रामसेवकाचे, कृषी केंद्रवाल्याचे, आठ-दहा एकर धानाची बांधी असलेल्या शेतकऱ्याचे. त्यांच्या मागून, उसनवारी करून, छोटा शेतकरी आला. आता गावच्या शाळेत उरली आहेत ती गोंड मजुरांची, ढिवरांची, भूमिहीन बौद्धांची मुले. आणि हे विशेषच, की वरच्या घरांतल्या काही मुली. एकाच घरचा मुलगा गाडीत बसतो आणि त्याची बहीण पायी झेडपीच्या शाळेत जाते, हे दृश्य आता कोणालाही विचित्र वाटेनासे झाले आहे.

या गाडीत पक्षकार्यकर्त्याचेही मूल आहे. त्याविषयी बोलणे अवघड असले तरी बोलले पाहिजे. समान शाळा ही समाजवाद्यांची जुनी मागणी. राष्ट्रपतीच्या आणि शिपायाच्या मुलाला एकच शिक्षण मिळावे, असे लोहियांच्या अनुयायांनी चौकाचौकांत सांगितले. कोठारी आयोगाने १९६६ साली तीच गोष्ट सरकारी भाषेत मांडली: प्रत्येक वस्तीची एक शाळा आणि त्या वस्तीतील सर्व थरांची मुले तिच्यात. गेली अनेक वर्षे पक्षाच्या प्रत्येक अधिवेशनात तसा ठराव होतो, टाळ्या पडतात, आणि ठरावाला अनुमोदन देणारा गृहस्थ दुसऱ्या दिवशी मुलाच्या प्रवेशासाठी देणगीची घासाघीस करायला जातो. त्याला कोणी हटकले तर त्याचे उत्तर तयार असते. कार्यकर्ता म्हणून आपली भूमिका एक, बाप म्हणून आपले कर्तव्य दुसरे. मुलाच्या आयुष्यावर आपल्या विचारांचा प्रयोग करण्याचा आपणास अधिकार नाही!

उत्तर ऐकायला माणुसकीचे वाटते. म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे.

त्यातले पहिले गृहीत असे की शाळेची निवड ही खाजगी बाब आहे. बापाने पैसे मोजले, मूल एका शाळेतून काढून दुसरीत घातले. यात तिसऱ्याचे काय गेले? बाजारवादी अर्थशास्त्राची सारी इमारत याच गृहीतावर उभी आहे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ साली हेच मांडले: सरकारने शाळा चालवू नयेत, पालकांच्या हाती पैशाची चिठ्ठी द्यावी, त्यांनी हवी ती शाळा निवडावी, वाईट शाळा आपोआप सुधारतील किंवा मरतील. पिनोशेच्या चिली देशात १९८१ पासून हा प्रयोग राष्ट्रीय प्रमाणावर झाला. तेथे ऐपतीप्रमाणे शाळांची उतरंड तयार झाली. अखेर २००६ आणि २०११ साली लाखो विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांनी नफा कमावणे व मुले निवडून घेणे यांवर २०१५ च्या कायद्याने बंधन घालावे लागले.

वाईट शाळा आपोआप का सुधारत नाहीत, याचे उत्तर आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या पुस्तकात दिले आहे. नायजेरियाची सरकारी रेल्वे दिवसेंदिवस बिघडत होती आणि तरीही तिला सुधारण्याची निकड भासत नव्हती. कारण ज्या बड्या व्यापाऱ्यांनी आरडाओरड करून तिला ताळ्यावर आणले असते, ते मालमोटारींकडे निघून गेले होते. बिघडलेल्या संस्थेपुढे माणसाला दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आवाज उठविणे. जे सर्वांत जागरूक, ज्यांचा आवाज साहेबाच्या टेबलापर्यंत पोहोचतो, त्यांनाच निघून जाण्याची सोय असली तर संस्थेत मुकी माणसे तेवढी उरतात. हर्शमन यांनी सरकारी शाळेचा दाखला याच संदर्भात दिला आहे.

आता हे सालेकसा तालुक्यातील एखाद्या गावात आणून पाहावे. शाळेत चार वर्ग आणि दोन शिक्षक आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. त्यांतला एक महिन्यातून अनेक दिवस बैठका, माहितीची भरणी, मतदारयाद्या यांत गुंतलेला असतो. उरलेला एक चारही वर्गांना शिकवतो. म्हणजे एका वर्गाला शिकवतो आणि तीन वर्गांना गप्प बसवतो. हे पाहून तक्रार करू शकणारा पहिला माणूस कोण? ज्याला अर्ज लिहिता येतो, गटशिक्षणाधिकारी कोठे बसतो हे ठाऊक असते, आणि जो जिल्हा परिषदेच्या सदस्याला रस्त्यात अडवू शकतो, तो. म्हणजेच शिक्षकाचा शेजारी ग्रामसेवक, सहकारी संस्थेचा सचिव, पक्षाचा कार्यकर्ता. पण त्याचे मूल त्या वर्गात नाही. मग तो का जाईल? मोहफुले वेचायला पहाटे जंगलात गेलेली आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फडावर राबलेली बाई पंचायत समितीच्या कचेरीत जाऊन विचारणार नाही. तिला तेथे बसायलाही कोणी सांगत नाही.

याहून मोठी गोष्ट कायद्यातच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष, ही तिची कामे. तिच्यावर पालक म्हणून बसायचे तर मूल त्या शाळेत असावे लागते. ज्याने मूल काढले, त्याने त्या खुर्चीवरचा आपला हक्कही काढून घेतला. तो शाळेच्या बचावासाठी मोर्चा काढू शकेल, निवेदन देऊ शकेल. पण शाळेच्या आत त्याचे काही चालत नाही. तेव्हा 'माझे एक मूल गेल्याने काय बिघडले' हा प्रश्नच चुकीचा आहे. गेले ते केवळ मूल नव्हे. त्याच्याबरोबर एक अर्ज लिहिणारा, एक प्रश्न विचारणारा, एक संभाव्य समिती अध्यक्ष गेला, आणि पटावरचा एक आकडा गेला.

त्या आकड्याचे पुढे काय होते? पटसंख्या घटली की संचमान्यतेत शिक्षकाचे पद कमी होते. पद कमी झाले की आणखी पालक जातात. मग एके दिवशी मंत्रालयातून विचारणा येते की ही शाळा चालविणे परवडते काय. सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांची माहिती मागविली, तेव्हा अशा शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक निघाल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांच्यासाठी 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आली. म्हणजे अनेक लहान शाळा मोडून एक मोठी करायची आणि मुलांना वाहनाने तेथे न्यायचे. त्याच महिन्यात शाळा दत्तक देण्याचीही योजना निघाली. उद्योगपतींनी शाळा दत्तक घ्यावी आणि सरकारने पोरके व्हावे, असा हा थाट. ५ सप्टेंबर २०२४ या दिवशी, शिक्षकदिनाचे औचित्य साधून, कमी पटाच्या शाळांत दोनांपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय झाला आणि २५ सप्टेंबरला शिक्षक सामूहिक रजा घेऊन रस्त्यावर उतरले. या प्रत्येक वेळी सरकारचा युक्तिवाद एकच होता: मुलेच नाहीत, शाळा कशाला? हा युक्तिवाद सरकारच्या हाती कोणी दिला, हे मोर्चात घोषणा देणाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावे.

मुंबईत बसून वीस मुलांची शाळा परवडत नाही असे म्हणणे सोपे आहे. अर्जुनी मोरगाव किंवा सडक अर्जुनीच्या जंगलपट्टीत पुढच्या गावची शाळा तीन किलोमीटरवर आहे, याचा अर्थ पावसाळ्यात मधला नाला तुडुंब भरलेला आहे आणि वाट वाघ-बिबट्यांच्या वावराची आहे. २०१३ साली घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प याच भागात येतो. येथे शाळा बंद होणे म्हणजे मुलीचे शिक्षण बंद होणे. मुलगा कसाबसा जाईल. मुलीला आई धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवील. ज्याचे मूल पिवळ्या गाडीत बसते त्याला हे बंद होणे जाणवणारही नाही.

आता दुसरे गृहीत. कॉन्व्हेंटात शिक्षण चांगले मिळते, यासाठीच ना हा सारा खटाटोप? आंध्र प्रदेशात २००८ पासून चार वर्षे एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. १८० खेडी घेतली. सरकारी शाळेतील काही मुलांना सोडत काढून खाजगी शाळेत जाण्यासाठी पैसे दिले. सोडत न लागलेली तशीच मुले सरकारी शाळेत राहिली. चार वर्षांनी तपासले तेव्हा तेलुगू आणि गणित या विषयांत दोघांत फरक आढळला नाही. खाजगी शाळेतली मुले हिंदीत पुढे होती, कारण त्या शाळांत हिंदीचे तास होते. एरवी दोन शाळांत जो फरक डोळ्यांना दिसतो तो बव्हंशी घरांचा फरक असतो. शिकलेल्या आईबापांची मुले एका ठिकाणी गोळा केली की ती शाळा हुशार दिसणारच. त्यात शाळेचे कर्तृत्व किती, हा प्रश्न वेगळा.

याच प्रयोगाचा दुसरा निष्कर्ष खाजगीकरणवाले मोठ्या हौसेने सांगतात: तेवढेच शिक्षण खाजगी शाळांनी सरकारी शाळेच्या एक-तृतीयांशाहूनही कमी खर्चात दिले. खरे आहे. पण ते कसे साधले, हे ते सांगत नाहीत. तालुक्याच्या कॉन्व्हेंटात शिकवते कोण? डी.एड., बी.एड. होऊन घरी बसलेली मुलगी. तिला काही हजार रुपये मिळतात, उन्हाळ्याच्या सुटीचा पगार मिळतोच असे नाही, निवृत्तिवेतनाचे नाव नाही, आणि लग्न ठरले की जागा दुसरीला. सुशिक्षित बेकारीच्या बाजारभावावर ही कार्यक्षमता उभी आहे. शेतमजुराच्या किमान वेतनासाठी लढणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या मुलाचे शिक्षण या वेतनावर बेतावे, ही मोठी करुण विसंगती आहे. सरकारनेही तोच धडा गिरविला आहे. २००० साली शिक्षणसेवक नावाचा अर्ध्या पगाराचाही नसलेला शिक्षक निर्माण करण्यात आला. त्याचे मानधन पुढे ६ हजारांवर आले आणि तेथेच अडकून बसले. ते १६ हजार व्हायला २०२३ उजाडले.

आणि ही 'स्वस्त' शाळा पालकाला किती महाग पडते! राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने एप्रिल ते जून २०२५ मध्ये केलेल्या पाहणीनुसार देशात सरकारी शाळेतील मुलामागे कुटुंबाचा वार्षिक खर्च सरासरी २ हजार ८६३ रुपये होता आणि बिगरसरकारी शाळेतील मुलामागे २५ हजार २ रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एका मुलाच्या खाजगी शाळेसाठी ऐंशी दिवसांची मजुरी. हा आकडा शहरे धरून आहे. देवरीच्या कॉन्व्हेंटचा खर्च याहून कमी असेल. निम्मा धरला तरी चाळीस दिवस होतात. छोट्या शेतकऱ्याच्या घरी हा पैसा धानाच्या चुकाऱ्यातून यायचा असतो, आणि चुकारे तर महिनोन्‌महिने अडकतात. मग सावकार, मग बचतगटाचे कर्ज, मग बाईच्या गळ्यातली पोत. एवढे करून तिसरीतला मुलगा घरी येतो आणि त्याने वहीत उतरवून आणलेले इंग्रजी ना त्याला वाचता येते, ना आईला. त्यासाठी पुन्हा शिकवणी लावायची, तिचा खर्च वेगळा.

इंग्रजीचा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही, आणि या बाबतीत समाजवाद्यांचे हात स्वच्छ नाहीत. 'इंग्रजी हटाव'च्या काळात ज्यांनी आवाज चढवला, त्यांतल्या पुष्कळांच्या घरी इंग्रजी आधीच येऊन बसली होती. पाटी पुसायला सांगितली ती इतरांना. गोंड किंवा बौद्ध मजुराला आपल्या मुलाला इंग्रजी यावे असे वाटते, यात कसलीही गुलामगिरी नाही. कचेरीतला, न्यायालयातला, नोकरीच्या मुलाखतीतला दरवाजा कोणत्या भाषेत उघडतो हे त्याने बाहेर उभे राहून पाहिले आहे. त्याला मातृभाषेचे माहात्म्य ऐकवणे हा उद्धटपणा आहे. शिवाय येथे मातृभाषा तरी कोणती? घरी गोंडी, पोवारी, छत्तीसगढी किंवा झाडीबोली, बाजारात हिंदी, आणि पुस्तकात पुण्याची मराठी. पहिलीच्या गोंड मुलाला जिल्हा परिषदेची शाळाही परकी वाटते, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्या मुलाला मराठीचा पूल ओलांडताना धाप लागते, त्याच्यापुढे एकदम इंग्रजीची दरी उघडणे हा त्यावरचा उपाय कसा? या कॉन्व्हेंटांत इंग्रजी पुस्तक हिंदीतून समजावून सांगतात, उत्तरे फळ्यावर लिहून देतात, मुले ती पाठ करतात. मूल तीन भाषांच्या मध्ये उभे राहते, कोणत्याच भाषेत विचार करायला शिकत नाही. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० सालीच सुरू झाला आहे. तेव्हा मागणी करायची तर ती अशी, की हा विषय खरोखर शिकवला जावा. प्रत्येक केंद्रात इंग्रजी येणारा आणि शिकवता येणारा शिक्षक असावा, आणि पहिल्या दोन इयत्तांत गोंडी जाणणारा माणूस वर्गात असावा. ही मागणी घेऊन गोंदियाच्या जिल्हा परिषदेवर किती मोर्चे गेले?

शिक्षकांचेही येथेच बोलून टाकावे. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, त्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक होते आणि पक्ष त्यांच्या पाठीशी होता. असायलाच हवा होता. पण मुख्यालयी राहण्याची अट कागदावर पाळून गोंदियाहून रोज ये-जा करणाऱ्या, स्वतःची मुले शहरातल्या इंग्रजी शाळेत घालून दुसऱ्याच्या मुलांची पटसंख्या वाढावी म्हणून घरोघर फिरणाऱ्या शिक्षकाला गावकरी काय म्हणतात, हे संघटनेच्या पुढाऱ्यांनी एकदा कान देऊन ऐकावे. हलवाई स्वतःच्या दुकानातली मिठाई घरी नेत नसेल तर गिऱ्हाईक काय समजेल? २०१२ पासून कित्येक वर्षे राज्यात शिक्षकभरती जवळजवळ बंद राहिली, शिक्षकाला नाना बिगरशैक्षणिक कामांना जुंपले गेले, हे सर्व खरे. त्यासाठी लढा द्यावा. परंतु त्या लढ्याला गावाचा पाठिंबा हवा असेल तर त्याची सुरुवात स्वतःच्या मुलापासून करावी लागेल.

'खाजगी' या शब्दाचा घोळही या चर्चेत फार होतो. गोंदिया एज्युकेशन सोसायटी १९५८ साली निघाली, आणि तिच्यासारख्या संस्थांनी या भागात माध्यमिक व महाविद्यालयीन शिक्षण उभे केले. विदर्भातील बहुतेक माध्यमिक शाळा अशा खाजगी संस्थांच्याच आहेत. पण शिक्षकांचा पगार शासन देते, अभ्यासक्रम शासनाचा, शाळा मराठी. त्यांच्यातही देणगी, भरतीतला पैसा, घराणेशाही हे रोग आहेत. तरीही त्या सार्वजनिक व्यवस्थेच्या भाग आहेत. येथे वाद आहे तो २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानंतर गावोगाव उगवलेल्या शाळांशी. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी विचारले होते की शेतकऱ्याच्या करातून वरच्यांचे शिक्षण का चालावे. आणि निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे मागितले होते. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात ते करून दाखविले, आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या बापाला दंड बसविला. भंडारा जिल्हा मध्य प्रांतात असताना, १९३८ च्या सुमारास, रविशंकर शुक्लांनी जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालविणारी विद्यामंदिर योजना आणली; पुढे जनपद सभांनी शाळा चालविल्या आणि १९६२ साली त्या जिल्हा परिषदेकडे आल्या. त्या परंपरेच्या जागी शंभर वर्षांनी महाराष्ट्राने कायदा केला तो असा, की ज्याला पैसे घालायचे असतील त्याने शाळा काढावी. २०१७ साली त्यात दुरुस्ती करून कंपन्यांनाही दार मोकळे केले.

काही सहृदय मंडळी म्हणतात, खाजगी शाळेत गरिबांसाठी २५ टक्के जागा आहेत. तेवढ्याने तरी न्याय होईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने त्याही काढून घेण्याचा घाट घातला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेवर हे बंधन नको. युक्तिवाद वरवर समाजवादी होता, सरकारी शाळा असताना खाजगी कशाला? मात्र हा प्रश्न फक्त गरिबाला विचारला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्यात हात घालण्यास नकार दिला, हे योग्यच झाले. पण चारांतील एक मूल वर उचलून घेणारी आणि उरलेल्यांची शाळा अधिक रिकामी करणारी तरतूद हे समाजवाद्यांचे अंतिम साध्य होऊ शकत नाही. आदिवासी विकास विभागाची तऱ्हा तर त्याहून अजब. गोंड मुलाच्या गावातली शाळा एका शिक्षकावर चालू द्यायची आणि त्याच मुलाला 'नामांकित' इंग्रजी निवासी शाळेत पाठवून तिची फी सरकारी तिजोरीतून भरायची!

१८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला आदेश दिला होता की सरकारी तिजोरीतून वेतन घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी, लोकप्रतिनिधींनी व न्यायाधीशांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत. तो अंमलात आला नाही.  तसा कायदा महाराष्ट्रात व्हावा ही मागणी पक्षाने जरूर करावी. परंतु तो होईपर्यंत स्वतःच्या घरात तो अंमलात आणण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

मुलाचा बळी द्या, असे यात कोठेही म्हटलेले नाही. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील कामासाठी. पण एखाद्या गुणी शिक्षकाची वाट पाहत बसणे हे राजकारण नव्हे. एका गावात पाच-सहा कार्यकर्ते किंवा सहानुभूतीदार असतात. एकट्याने मूल परत आणले तर ते मूल एकटे पडेल, आणि आई रडेल. पाचांनी एकाच जूनमध्ये, एकाच दिवशी आणली तर पट वाढतो, संचमान्यतेत जागा टिकते, आणि शाळा व्यवस्थापन समितीत पाच बोलणारे पालक बसतात. मग सडलेले छप्पर, पोषण आहारातली डाळ, गुरुजींच्या दांड्या आणि गुरुजींना वारंवार होणारी बैठकांची बोलावणी, या सर्वांवर ठराव होतात, आणि ते ठराव अर्जासारखे टोपलीत टाकता येत नाहीत. ज्यांच्या गावची शाळा खरोखरच शिक्षकाविना आहे, त्यांनी आधी शिक्षकासाठी लढावे आणि मग मूल आणावे. पण तारीख ठरवून लढावे.

यासाठी जिल्हा शाखेला फार मोठा निधी लागणार नाही. पुढील वर्षी सभासद नोंदणीचे अर्ज छापताना त्यात 'मुले कोणत्या शाळेत शिकतात' असा एक रकाना घालावा. तालुका समितीच्या निवडणुकीत उमेदवाराचा तो रकाना मोठ्याने वाचून दाखवावा. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे तिकीट देताना तो प्रथम पाहावा. या सूचनेला विरोध होईल, व्यक्तिस्वातंत्र्याचा दाखला दिला जाईल, आणि तो देणाऱ्यांची नावे तालुका कचेरीत सर्वांना आधीच ठाऊक आहेत. त्यांच्याशी वाद शाळा उघडण्यापूर्वी, मे महिन्यातच उरकून घ्यावा. पऱ्हे टाकायला लागल्यावर सभेला कोणी येत नाही.